बेलवरची पट्टी

परवा घराला रंग देताना रंगाऱ्याने विचारलं, "ताई, बेलच्या बटणावर हे काय चिकटलंय?" पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. २०१६ सालची. म्हटलं, चला, आता लिहूनच टाकू.

धाकटी दीड महिन्याची असताना लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप जरा जास्तच वेळ टेकवून ठेवला. मग इको. मग ते नाव, टेट्रालॉजी ऑफ फॅलो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, शिवाय आणखी दोन दोष. फॅलो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८८८ साली याचं वर्णन केलं, हेही मी त्या रात्री वाचून काढलं. काय उपयोग, विचारू नका. ऑपरेशन होणार होतं, पण ती जरा मोठी झाल्यावर. तोवर औषधाच्या पुड्या, लोहाचे थेंब, आणि एक पथ्य. हिला फार रडू द्यायचं नाही. रडली की ती वाट आणखी आवळते, अशुद्ध रक्त फुप्फुसाकडे न जाता सरळ अंगात जातं, ओठ जांभळे पडतात. तसं झालंच तर गुडघे छातीशी दुमडून धरायचे आणि दवाखाना गाठायचा.

तान्ह्या मुलीला रडू द्यायचं नाही! करून बघा.

बेलवर पट्टी लागली. कुकर माळ्यावर गेला. सासूबाई वरणसुद्धा पातेल्यात शिजवायला लागल्या; एरवी एवढा गॅस जाळताना त्यांचा जीव गेला असता. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, आमच्याकडे तिने नुसते ओठ हलवले की मी हजर! (आत्या, "रडू दे गं, फुप्फुसं मोकळी होतात" असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी फोन ठेवून दिला होता. लाईन तुटली नव्हती. राग मानू नका.)

थोरला तेव्हा सहा वर्षांचा. घरभर मोजे घालून चालायचा. ऑगस्टमध्ये नदीकाठी ढोल-पथकांचा सराव सुरू झाला, तर हा पठ्ठ्या शाळेतून आल्या आल्या सगळ्या खिडक्या लावून टाकायचा.

आणि एका सकाळी त्याच्या हातून स्टीलचं ताट पडलं. ती दचकून उठली, रडली, आणि बघता बघता निळी पडली. मी गुडघे दुमडून धरले. मिनिटभर असेल, दोन असतील... रंग परत आला. नवरा गाडी काढायला धावला. दारातून बाहेर पडता पडता मी थोरल्याच्या पाठीत एक धपाटा घातला. का, ते आजही सांगता येत नाही. तो रडला नाही. आमच्याकडे रडायचं नसतं ना.

पंधरा दिवसांनी शाळेतून बाईंचा फोन. "याचा घसा बसलाय का हो? वर्गात नुसता कुजबुजतो. कविता म्हणायला उभं केलं तरी तसंच."

त्या रात्री त्याला जवळ घेतलं. म्हटलं, "ताटामुळे काही झालं नाही रे. तिला आजार आहे म्हणून झालं. आईचं चुकलं." त्याने मान डोलावली आणि पुटपुटला, "हळू बोल ना, ती उठेल."

जानेवारी २०१७ मध्ये ऑपरेशन झालं. त्या दिवसांबद्दल आज नको.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका रविवारी तिने त्याचा खडू ओढला, त्याने परत घेतला, आणि तिने भोकाड पसरलं. मी धावले. ओठ गुलाबी होते. नवरा पेपरमधून मान वर न करता म्हणाला, "रडू दे." (हात मात्र थरथरत होते त्याचे, मी पाहिले.) थोरल्याला कुठलं ते पटायला! त्याने तिला आडवं केलं, गुडघे छातीशी दुमडले. तिने पाय सोडवून घेतला आणि दिली एक त्याच्या नाकावर.

"आईऽऽ, ही मला मारतेय!"

कित्येक महिन्यांनी तो आवाज ऐकला. खालच्या मजल्यावरच्या काकू काय झालं म्हणून धावत वर आल्या. बेल कुठली, दारच बडवलं त्यांनी.