कुणासाठी हवंय?

दिवाळीच्या खरेदीवर आजवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे. गादीवर बसून शंभर साड्या उलगडायला लावणाऱ्या आणि अखेर पहिलीच घेऊन उठणाऱ्या बायका, त्यांच्यामागे पिशव्या सांभाळत जांभया देणारे नवरे, ही चित्रं वाचकांच्या चांगल्या ओळखीची आहेत. पण त्या गर्दीत जांभई न देणाराही एखादा नवरा असतो. साड्यांकडे तो बायकोपेक्षा अधिक बारकाईने पाहत असतो. पदर किती भरलेला आहे, काठ धुण्यात टिकेल का, पन्हा किती आहे, याचा हिशेब त्याच्या मनात चाललेला असतो. आणि दुकानदाराची नजर वळली की तो घाईघाईने छताच्या पंख्याकडे पाहू लागतो. अशा नवऱ्यांपैकी एक मी.

आता सांगूनच टाकतो. मला साडी नेसायला आवडते. वय पासष्ट, जन्मभर मास्तरकी केलेली, पदरी दोन मुलं आणि एक नात, चौल-रेवदंड्याच्या पट्ट्यात सुपारीची लहानशी वाडी. मी पुरुष आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आपण बाईच आहोत असं काहींना अंतःकरणापासून वाटतं. त्यांची वाट वेगळी आणि माझ्याहून कितीतरी खडतर. माझं मागणं लहान आहे. एखाद्या दुपारी दार लोटून घ्यावं, अंगाभोवती मऊ सुती साडी नीट निऱ्या घालून बसवावी आणि खिडकीशी वाचत पडावं. त्याने जिवाला जो विसावा मिळतो तो लेंग्यात किंवा पाटलोणीत मिळत नाही. शहरात अशा माणसाला क्रॉसड्रेसर म्हणतात. आमच्या गावात यासाठी अजून धड शब्द नाही, हे एका परीने बरंच आहे.

हिला मी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सांगितलं. ही दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे ठेवीत म्हणाली, "अहो, माझ्या साड्यांना मात्र हात लावायचा नाही. हव्या असतील तर आपल्या आपण आणा." इतका समंजस निवाडा एखाद्या न्यायाधीशालाही सुचला नसता! पण त्या निवाड्यामुळेच माझी चाळीस वर्षांची पायपीट सुरू झाली. आपल्या आपण आणायच्या, पण कुठून? मास्तरच्या पगारात बसतील अशा, आणि कुणाला संशय न येता?

महाराष्ट्राला या गोष्टीचा तिटकारा आहे असं म्हणावं, तर तेही खरं नाही. नारायणराव राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले आणि पुढे तीसेक वर्षं बालगंधर्व म्हणजे महाराष्ट्राच्या वेशभूषेचा दाखला होऊन बसले. 'स्वयंवरा'तल्या रुक्मिणीचा शालू असो की 'एकच प्याल्या'तल्या सिंधूचं साधं लुगडं असो, ते कसं नेसलंय हे पाहायला घरंदाज बायका नाटकाला जात आणि घरी येऊन तसं नेसून पाहत. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. आमच्या कोकणात तर शिमग्याला लुगडं नेसलेलं सोंग दारात आलं की आजीबाईसुद्धा हसत हसत त्याच्या हातावर पैसे ठेवतात. म्हणजे रंगमंचावर चालतं, शिमग्यात चालतं. होळीची राख थंड झाली की मात्र तेच लुगडं अंगावर घ्यायला चोरी!

या चोरीची खरी जागा म्हणजे दुकानाचा गल्ला. लहान गावच्या कापडवाल्याला तुमच्या घरातल्या प्रत्येक बाईची आवड आणि माप पाठ असतं. तुम्ही एकटे गेलात की तो प्रेमाने विचारतो, "कुणासाठी हवंय, गुरुजी? वहिनींसाठी की सूनबाईंसाठी?" त्याचा हेतू निर्मळ असतो. पण त्या तीन अक्षरी 'वहिनी'ला मान डोलावली की पुढचं सगळं बिघडतं. नाव खोटं सांगितलं की मापही खोटं सांगावं लागतं, रंगही तिच्याच पसंतीचा घ्यावा लागतो, आणि आठ दिवसांनी देवळात भेटल्यावर तो हिलाच विचारतो, "वहिनी, अबोली रंग आवडला ना?"

आता घरबसल्या मोबाइलवरून सगळं मिळतं, असं माझा मुलगा म्हणतो. मिळतं खरं, आणि स्वस्तही मिळतं. शिवाय मापांचा तक्ता पाहून निवांत निवडता येतं आणि कुणी काही विचारत नाही. शहरातल्या माणसाला यासारखी सोय नाही. पण आमच्याकडे पार्सल घेऊन येणारा पोरगा आमच्याच आळीतला. घराला कुलूप दिसलं की तो पार्सल शेजारी देतो आणि शेजारीण ते दाबून पाहते. म्हणून मी पहिल्यापासून समुद्राचा रस्ता धरला.

मांडव्याहून लाँचने तासाभरात गेटवेला उतरावं. आमच्या जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबाच होतं, तेव्हा कुलाब्याहून निघून कुलाब्यालाच खरेदीला जायचं, अशी ही गंमत. गेटवेपासून पाच-सात मिनिटांवर कुलाबा कॉजवेचा पदपथ. तिथल्या फेरीवाल्यांनी जगातली सगळी माणसं पाहिलेली. कोण कुणासाठी काय घेतो याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करावी आणि एकदा पाठ फिरवून चार पावलं चालावं. पुढे आझाद मैदानाजवळ फॅशन स्ट्रीट. तिथे निर्यातीतून उरलेला माल येतो, त्यात मोठी मापं सापडतात. आणखी पुढे महात्मा फुले मंडईजवळ मंगळदास मार्केट. रविवार सोडून जावं. मीटरवर कापड घ्यायला त्यासारखी जागा नाही, आणि मीटरवर कापड घेणाऱ्याला "कुणासाठी" असं सहसा कुणी विचारत नाही. भुलेश्वरला नकली दागिने, दादरला हिंदमाता आणि रानडे रोड. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. तेव्हा पेणवरून एसटी, नाहीतर २०२० साली सुरू झालेली भाऊच्या धक्क्याची रो-रो बोट.

आता काय घ्यावं? चाळीस वर्षांचा अनुभव फुकट देतो.

साडीसारखं दयाळू वस्त्र नाही. तिला छाती-कंबरेचं माप नसतं. जाड्या-रोड्या सगळ्यांना ती सामावून घेते. फक्त पन्हा पाहावा. पावणेसहा फुटी माणसाला ४५ इंच कसाबसा पुरतो. त्याहून उंचाने ४७-४८ इंची शोधावी, नाहीतर घोटे उघडे पडतात. नऊवारी कासोट्याची असल्याने तिला उंचीची एवढी पर्वा नाही, आणि परकराचा खर्चही वाचतो. अगदी नवख्याने सुती गाऊन घ्यावा. कुठल्याही आठवडे बाजारात दोरीवर टांगलेला, दोन-तीनशे रुपयांत मिळणारा, सैल आणि निरुपद्रवी. कुडती घेताना छातीआधी खांदा मोजावा. पुरुषाचं अंग अडतं ते खांद्यात आणि मुंढ्यात. ताणणाऱ्या कापडाचे तयार ब्लाउज आता मिळतात, ते त्यातल्या त्यात सोयीचे.

बांगड्यांचा हिशेब निराळा. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असं कासार म्हणतो तेव्हा दोन इंच आणि वर इंचाचे तितके सोळांश, असा आतला व्यास असतो. पुरुषी हाताला दोन-दहा किंवा दोन-बारा लागते. नाक टोचलेलं नसेल तर चापाची नथ आहे. केसांना गंगावन. बायकांच्या चपला बहुधा आठ नंबराशी संपतात, त्याला उपाय कोल्हापुरी; ती मापाने करून मिळते आणि तिच्या पट्ट्यावरून बाईची की पुरुषाची हे सांगायला जाणकारच हवा.

सर्वांत स्वस्त खरेदी मात्र मी आमच्या ओटीवर केली. बोहारीण आली होती. ही घरात नव्हती. टोपलीत कुणाच्या तरी घरची निळी इरकली होती, किंचित विरलेली पण देखणी. मी म्हटलं, "बाई, आज उलटा सौदा करू. भांडं मी देतो, साडी तू दे." तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पितळी डब्याकडे पाहिलं, डबा वाजवून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, झाकण बी द्या." झाकणही दिलं. साडी कुणासाठी, हे तिने विचारलं नाही. तिचा धंदाच असा, की एका अंगावरचं कापड दुसऱ्या अंगावर जातं हे तिला नवल नाही. संध्याकाळी डबा शोधताना हिने जे ऐकवलं ते इथे छापण्याजोगं नाही. पण ती इरकल अजून टिकून आहे.

राहता राहिला शिवलेला ब्लाउज. अंगाचा व्हावा अशी इच्छा असेल तर शिंप्यापुढे उभं राहण्यावाचून गत्यंतर नाही. आणि शिंप्याशी खोटं बोलता येत नाही, कारण टेप खोटं बोलत नाही. म्हणून चाळीस वर्षं मी तयार ब्लाउजांवर भागवलं. ते काखेत काचत, श्वास घेतला की हूक उडत. निवृत्त झाल्यावर एकदा हिय्या करून शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे गेलो. गणपतीतल्या नाटकांचे कपडे त्याने वर्षानुवर्षं शिवलेले. "आमच्या मंडळाच्या नाटकासाठी" हे वाक्य मी वाटेत दहा वेळा घोकलं होतं. ब्लाउजपीस त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि व्हायचा तोच प्रश्न झाला : "कुणासाठी?"

वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. पण का कुणास ठाऊक, त्या दिवशी त्याचा कंटाळा आला. पासष्टीच्या उंबरठ्यावर आणखी किती नाटकं करायची! मी म्हटलं, "माझ्यासाठी."

चष्म्यावरून त्याने माझ्याकडे पाहिलं. शिलाईयंत्रावरची पोरगी थांबली. त्याने गळ्यातला टेप काढला. "मग माप तुमचंच घ्यायला हवं. हात वर करा, गुरुजी." छाती, पाठ, खांदा, बाही झाल्यावर तो पुटपुटला, "मुंढा ऐसपैस ठेवतो. टक्स कमी घेतो. पुढल्या मंगळवारी या." शिलाई त्याने इतरांकडून घेतो तेवढीच घेतली.

ही गोष्ट पसरली नाही असं मी म्हणणार नाही. गावं जवळ जवळ आहेत आणि शिलाईयंत्रावरच्या पोरीला मैत्रिणी आहेत. बाजारात काहींच्या नजरा जरा अधिक वेळ रेंगाळू लागल्या. एका जुन्या विद्यार्थ्याने मला पाहून रस्ता बदलला; ते लागलं, अजूनही लागतं. दुसऱ्याने नेहमीसारखा वाकून नमस्कार केला आणि वाडीत यंदा सुपारी कशी आहे ते विचारलं. मुलाला मी स्वतःच सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "नातीला सांगायचं का ते आई ठरवेल." हिने अजून ठरवलेलं नाही. तोवर मी दार लोटूनच नेसतो.

कायद्याचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या हक्कांसंबंधी दिलेल्या निकालात, माणसाने काय घालावं हा राज्यघटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचं म्हटलं आहे. पण निकाल दिल्लीत लागतो आणि साडी गल्ल्यावर घ्यावी लागते. लाँचचं भाडं, गेलेला दिवस, न बसणारी मापं, एका वेळी दोन पिशव्यांत दडवून आणलेला माल, हे सगळं जमेस धरलं तर आजवरच्या माझ्या स्वस्त साड्या फार महाग पडल्या. म्हाताऱ्या शिंप्याचा ब्लाउज तेवढा खरोखर स्वस्त पडला.

श्रीवर्धन-मुरुडकडे, उरणच्या एखाद्या आळीत कुणी तरुण हे वाचत असेल तर त्याने माझ्यासारखं लगेच 'माझ्यासाठी' म्हणावंच, असा माझा आग्रह नाही. त्याची नोकरी आहे, घर आहे, लग्न व्हायचं आहे; त्याने खुशाल लाँच धरावी आणि कॉजवेला घासाघीस करावी. माझी विनंती आहे ती दुकानदार बंधूंना. या दिवाळीत एखादा गृहस्थ एकटाच साडीच्या फळीसमोर घुटमळताना दिसला, तर त्याला पाणी द्या, बसायला सांगा, पन्हा दाखवा, रंग दाखवा. कुणासाठी हवंय ते तेवढं विचारू नका. गिऱ्हाईक पक्कं होईल, याची हमी मी देतो.