लाल शाई

"सर, प्रोग्राम चालतोय ना? मग झालं!"

संगणकशास्त्र शिकवताना माझा निम्मा जन्म या एका वाक्याशी भांडण्यात गेला. व्हेरिएबलला धड नाव द्या, उतारा करू नका, लहानात लहान आणि मोठ्यात मोठा आकडा घालून पाहा, हे माझे कीर्तन मुले मुकाट्याने ऐकतात आणि शेजाऱ्याचे जर्नल उतरवायला घेतात.

एकदा यादीतली नोंद शोधण्याची रीत शिकवीत होतो. शब्दकोशात शब्द पाहताना आपण पुस्तक मधोमध उघडतो, नको तो अर्धा भाग सोडतो आणि उरलेल्याचा पुन्हा मध्य गाठतो, तीच ही रीत. मध्यासाठी पहिला आणि शेवटचा क्रमांक मिळवून दोनाने भागायचे. एका मुलीने मात्र शेवटच्यातून पहिला वजा केला, त्याची निम्मी केली आणि ती पहिल्यात मिळवली. उत्तर तेच! "विनाकारण द्राविडी प्राणायाम" असा लाल शेरा मारून मी एक गुण कापला.

ती भेटायला आली. "सर, बेरीजच फार मोठी झाली तर?"

"नंतर बघू," म्हणून मी तिला वाटेला लावले.

रात्री पडताळून पाहिले. 'जावा'तला साधा पूर्णांक 2,14,74,83,647 च्या पुढे गेला की उलटून ऋण होतो. सव्वाशे कोटी नोंदींच्या यादीत शेवटाकडे शोधताना माझी बेरीज नेमकी तिथेच कोसळत होती. जोशुआ ब्लॉक यांनी जावासाठी लिहिलेल्या शोधातही हीच चूक सुमारे नऊ वर्षे दडून होती, आणि 2006 साली त्यांनी ती आपण होऊन जाहीर लिहिली होती.

माझी चूक कोण पाहणार होते? गुण गुपचूप वाढवला असता की प्रकरण मिटले. खोटे कशाला सांगू, तसे मनात आलेही. आणि आजवर किती तुकड्यांना मी तेच शिकवले होते!

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन्ही रीती लिहिल्या आणि माझ्या ओळीवर काट मारली. वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग तुमचा एक गुण कापायचा?"

"काप," मी म्हणालो.

पुढच्या गठ्ठ्यात तीन जर्नलांच्या समासात तपासून पाहिलेले आकडे होते. एकाने मात्र मित्राचा प्रोग्राम उतरवला होता, रोल नंबरासकट.