आधी डावीकडे बघा



मी अ‍ॅमस्टेलव्हीनहून लिहितो आहे. हॉलंडातलं हे गाव अ‍ॅमस्टरडॅमला अगदी खेटून आहे. शेजारचं बायटनफेल्डर्ट आणि आमचं अ‍ॅमस्टेलव्हीन मिळून इथल्या यहुदी लोकांची मोठी वस्ती आहे. पण आपली मराठी बोलणारी घरं बोटांवर मोजण्याइतकीच. लेकीकडे ठाण्याहून राहायला आलो तेव्हा वय पासष्टच्या पुढे गेलं होतं. नवीन भाषा डोक्यात शिरेना, पण पहिला धडा नातीने पहिल्याच आठवड्यात दिला.

रस्ता ओलांडायचा होता. मी सवयीप्रमाणे उजवीकडे पाहिलं, कोणी नाही, आणि टाकला पाय. तेवढ्यात डावीकडून घंटी वाजली, कोटाची बाही कोणीतरी जोरात मागे ओढली आणि एक सायकलवाला माझ्या नाकासमोरून सुर्रकन निघून गेला.

"आजोबा, आधी डावीकडे बघायचं! आणि ही लाल पट्टी सायकलींची आहे, फुटपाथ नाही!"

नात तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. मी हसलो. पण घरी आल्यावर हात थरथरत होते. लेकीला वाटलं, बाबा थंडीने कापताहेत. थंडीचं ते कापणं नव्हतं. ज्या गोष्टीमुळे हात कापले ती मी साठ वर्षं कोणाला सांगितली नव्हती. आज इथे लिहितो.

आमचं गाव अलिबाग-रेवदंडा रस्त्याला लागून. नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून रस्ता, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं. साठ सालच्या आसपासची गोष्ट, मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्या गावातून जाणाऱ्या रस्त्यावर नुकतंच डांबर पडलं होतं. आम्हां पोरांना त्याचा कोण आनंद! अनवाणी पायाला खडी टोचत नाही, चाक फिरवायला मजा येते. पण तोच आनंद ट्रकवाल्यांनाही झाला होता. जे ट्रक पूर्वी खड्ड्यांतून धापा टाकत यायचे, ते आता घरांच्या मधून भन्नाट सुटायला लागले.

शुक्रवारची दुपार होती. आई शाबाथच्या स्वयंपाकात. तिने मला हाक मारली, "जा रे, दिव्याला तेल घेऊन ये." दुकान रस्त्याच्या पलीकडे. मी विटीदांडूच्या डावात रंगलो होतो. धाकट्या भावाच्या हातात बाटली दिली आणि म्हटलं, "तू जा, मी नंतर तुला एक डाव देतो." तो सात वर्षांचा होता. डाव मिळणार म्हणून धावतच गेला.

ट्रक मी पाहिला नाही, फक्त आवाज ऐकला. अलिबागला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. शाबाथ लागला, म्हणून रविवारी माती दिली.

सात दिवस लोक येऊन बसत होते. कोणी म्हणे, "पोरगं मध्येच धावलं हो, डायवर तरी काय करणार?" बाबा एवढंच म्हणत, "त्याची वेळ भरली होती." आई काहीच बोलत नव्हती. आणि मी मनात म्हणत होतो, पाळी माझी होती. म्हणजे तिथे बसलेल्या प्रत्येकाने कोणाला ना कोणाला दोष दिला. मुलाला दिला, नशिबाला दिला, मी मला दिला. पण घरांच्या मधून एवढ्या वेगाने ट्रक जातोच कसा, हे एकानेही विचारलं नाही. वेग म्हणजे पाऊस-वाऱ्यासारखाच, आपण त्याला काय करणार, अशीच आमची समजूत.

इकडे आल्यावर मला एका बापाची हकिकत कळली. शेजारी एक डच बाई राहतात, वय माझ्याएवढंच. चहा घेता घेता त्यांनी सांगितलं, "तुम्हाला वाटतं आम्ही पहिल्यापासून असे शहाणे? आमच्या तरुणपणी इथेही मुलं मरत होती." खोटं नाही. १९७० च्या सुमारास एवढ्याशा या देशात दर वर्षी तीन हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मरत होती. एकट्या १९७१ सालात चारशेहून जास्त मुलं गेली. त्यांत विक लांगनहॉफ नावाच्या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी होती. शाळेत जाताना मोटारीने तिला उडवलं. पुढच्या वर्षी त्याने आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्याला मथळा दिला तो असा, की वाचणाऱ्याने दचकावं: "बालहत्या थांबवा". बघा, अपघात म्हटलं नाही, हत्या म्हटलं.

त्या मथळ्याच्या नावाने चळवळ उभी राहिली. आई-बाप पोरांना घेऊन रस्त्यात बसले, रस्ते बंद करून तिथे जेवणाची टेबलं मांडली. अ‍ॅमस्टरडॅमच्या डे पाइप भागात तर मुलांनीच खेळायला रस्ता मागितला. तिथे दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या, मुलांना पाय ठेवायला जागा नव्हती.

पुढची गोष्ट आपल्या इस्राएलमधल्या वाचकांना जवळची वाटेल. ऑक्टोबर १९७३ मध्ये योम किप्पूरचं युद्ध झालं. हॉलंडने इस्राएलची बाजू घेतली म्हणून अरब देशांनी या देशाचं तेल तोडलं. तेल वाचवायला सरकारने ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. शेजारीणबाई म्हणाल्या, "आम्ही मोठ्या हमरस्त्यावर चाकाचे बूट घालून घसरत गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की रस्त्यावर शांतताही असू शकते." मला आपला शाबाथच आठवला. एक दिवस काम थांबलं की बाकीचे सहा दिवस कसे चाललेत ते दिसतं.

मग एकेक बदल झाला. डेल्फ्ट शहरात काही गल्ल्या अशा बांधल्या की त्यांत फुटपाथ नाही, झाडं आणि बाकं रस्त्यातच, आणि मोटारीने माणसाच्या चालीने जायचं. त्याला इथे वोनेर्फ म्हणतात, म्हणजे घराचं अंगणच म्हणा. १९७६ साली त्याचा कायदा झाला. १९८३ पासून वस्तीतल्या रस्त्यांना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घालता येऊ लागली. डिसेंबर २०२३ मध्ये शेजारच्या अ‍ॅमस्टरडॅमने आपल्या बहुतेक रस्त्यांवर ५० ची ३० केली.

बालमित्रांनो, ३० आणि ५० मध्ये एवढा काय फरक, असं तुम्ही विचाराल. हिशोब करू या. ड्रायव्हरला तुम्ही दिसलात आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला, यात साधारण एक सेकंद जातो. ताशी ५० च्या वेगात गाडी त्या एका सेकंदात १४ मीटर पुढे येते. ताशी ३० ला फक्त ८ मीटर. मग ब्रेक लागून ३० ची गाडी आणखी पाचेक मीटरवर थांबते, म्हणजे एकूण १३ मीटर. आता बघा, जिथे ३० ची गाडी पूर्ण थांबली, तिथे ५० च्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलासुद्धा नाही! ती पूर्ण वेगाने येऊन आदळते.

नातीने कागदावर हा हिशोब करून दाखवला तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो. मनात एकच चाललं होतं. तो ट्रक हळू असता, तर भाऊ धावला असता तरी वाचला असता. मी गेलो असतो आणि ट्रक त्याच वेगात असता, तर मी मेलो असतो. पाळी कोणाची होती हा प्रश्नच नव्हता.

आता खेड्यांचं. शहरात गल्लीबोळ असतात, गाडी आपसूक अडखळते. खेड्यात रस्ता सरळ, मोकळा, आणि पोलीस दूर. आमच्या नगरपालिकेच्या हद्दीत नेस आन द अ‍ॅमस्टेल म्हणून एक खेडं आहे. नदीच्या बांधावरून अरुंद रस्ता, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली कुरणं आणि गाई. रविवारी सायकलवाल्यांची जत्रा. त्याच रस्त्याला मोटारी, ट्रॅक्टर आणि मुलं. या देशात गावाबाहेरच्या अशा बारीक रस्त्यांवर ठिकठिकाणी ८० ची मर्यादा ६० वर आणली आहे. नुसती पाटी लावून भागत नाही, हे इथल्या लोकांनी ओळखलं. म्हणून अशा रस्त्याच्या मधली पांढरी रेघच ठेवत नाहीत, फक्त कडेला तुटक रेघा आखतात. मधली रेघ नसली की आपली बाजू कुठली याची ड्रायव्हरला खात्री राहत नाही आणि तो आपोआप पाय सैल करतो.

उत्तरेकडे फ्रीसलंडमध्ये आउडेहास्के नावाचं खेडं आहे. १९८० च्या दशकात तिथेही गावातून गाड्या सुसाट जात, मुलं गेली होती. हान्स मोंडरमन (१९४५-२००८) हे तिथले वाहतूक इंजिनियर. त्यांनी पाट्या वाढवल्या नाहीत, उलट काढल्या. रस्त्याला विटांची फरसबंदी करून तो गावातल्या चौकासारखा केला. गावात शिरलो असं डोळ्यांना दिसलं की माणूस गावात वागावं तसं वागतो. गाड्या खरोखरच हळू झाल्या.

हे ऐकताना मला तोरातला एक नियम आठवला. लहानपणी बाबांनी शिकवला होता. देवारीमच्या बावीसाव्या अध्यायात, नवीन घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा अशी आज्ञा आहे, नाही तर कोणी पडलं तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. पडणाऱ्याने नीट बघून चालावं, असं तिथे म्हटलेलं नाही. दोष बांधणाऱ्यावर ठेवला आहे. रस्त्यालाही कठडा लागतोच की! बाबांना हा नियम पाठ होता. पण आमच्या दारातल्या रस्त्याला तो लावायचं कोणाला सुचलं नाही.

हॉलंड म्हणजे स्वर्ग झाला, असं मात्र समजू नका. २०२३ साली इथे ६८४ माणसं रस्त्यावर गेली, त्यांत २७० सायकलवाले, आणि बरेचसे माझ्यासारखे म्हातारे. भारतात २०२२ साली १,६८,४९१ माणसं गेली. भारताची लोकसंख्या मोठी हे खरं, पण लोकसंख्येच्या मानाने काढलं तरी भारताचा आकडा इथल्या तिप्पट येतो, आणि त्यातली बहुतेक माणसं खेड्यापाड्यांतली.

गावाकडे माझा एक चुलत पुतण्या आहे. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली. तेव्हापासून शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते, असं तो फोनवर सांगत होता. आणि रस्त्याला लागून शाळा. मी म्हटलं, "मग करताय काय?" तो म्हणाला, "काय करणार, काका? आपलं नशीब."

तो शब्द ऐकला आणि मी त्याला भावाची सगळी गोष्ट सांगितली, विटीदांडूसकट. पलीकडे लेक ऐकत होती. तिला काका होता हे माहीत होतं, पण तो कसा गेला हे माहीत नव्हतं. ती काही बोलली नाही, जवळ येऊन बसली.

पुतण्याने २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय मांडला. रस्ता ग्रामपंचायतीचा नाही, म्हणून ठराव करून सार्वजनिक बांधकाम खात्याकडे अर्ज केला. मी त्याला बजावलं होतं, रातोरात मातीचा उंचवटा घालू नका, अंधारात मोटारसायकलवाला त्यावरच पडेल. गतिरोधकाचं माप ठरलेलं असतं. ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, गोलसर, वर रंगाचे पट्टे आणि अलीकडे पाटी. तीन अर्ज आणि दोन खेपा झाल्यावर गेल्या पावसाळ्यानंतर शाळेच्या दोन्ही बाजूंना एकेक झाला. त्याने फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला. आमचं जुनं घर होतं तिथून तो हाकेच्या अंतरावर आहे.

आता निरोप घेण्याआधी थोडं सांगणं. वडीलधाऱ्यांनो, तुम्ही भारतातून इस्राएलला किंवा इकडे आला असाल, तर गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून आधी डावीकडे बघा, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. जुनी सवय घाईच्या वेळी उसळून वर येते, म्हणून घाईच करू नका. हिवाळ्यात शुक्रवारी रात्री सिनेगॉगमधून चालत येताना काळ्या कोटावर पांढरा मफलर घ्या. बालमित्रांनो, दोन उभ्या गाड्यांच्या मधून रस्त्यात उतरू नका, आणि ड्रायव्हरने तुमच्याकडे पाहिलं याची खात्री झाल्याशिवाय पाऊल टाकू नका. आणि जे गाडी चालवतात त्यांना एकच विनंती. मूल धावणारच. ते मूल आहे. हळू तुम्ही जायचं आहे.

इथे शाळेत दहा-बारा वर्षांच्या मुलांची वाहतुकीची परीक्षा होते, लेखी आणि सायकलवर. नात यंदा पास झाली. दाखला घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, आता तुमची परीक्षा." आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. तिचा हात धरून पलीकडे गेलो. पलीकडच्या दुकानातून शाबाथच्या दिव्याला तेल घेतलं आणि तसेच परत आलो.

सर्वांना शाबाथ शालोम. सांभाळून राहा.

आपला,
अ‍ॅमस्टेलव्हीनचा एक आजोबा