अर्धा सूत

सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांना आपण हसतो. पण गोधडीचे तुकडे जोडायला बसले, की मला ती माणसे अगदीच वेडी वाटत नाहीत.

हिशेब साधा आहे. ४ इंची चौकोन घ्यावा. दोन्ही कडांनी पाव-पाव इंच शिवणीत जातो आणि दिसायला साडेतीन इंच उरतो. असे १६ जोडले, की ओळ ५६ इंचांची व्हावी. आता शिवण केवळ अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त आत गेली तर? सांधे १५, आणि प्रत्येक सांध्यावर दोन्ही तुकडे तेवढे आखडतात. ओळ जवळजवळ दोन इंचांनी उणी! अमेरिकेतल्या गोधड्या शिवणाऱ्या बायकाही पाव इंचाला जपतात, ते उगीच नव्हे.

हे गणित मी वर्गात घातले, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाई, मग सगळ्याच ओळी तेवढ्या आखूड शिवायच्या!" वर्ग हसला. मला हसू आले नाही. कारण घरी आमचे नेमके तेच अडले होते.

कोळगावात आमच्या ओटीवर सासूबाई आणि मी मिळून एक गोधडी जोडत होतो. तुकडे मामंजींच्या जुन्या सदऱ्यांचे. त्यांच्या माघारी तेवढेच कापड उरलेले. माझी शिवण पट्टीची, सासूबाईंची अंगठ्याच्या नखाची. २०१४ साली पालघर जिल्हा झाला, पुढे त्याचे मुख्यालय कोळगावात आले, पण त्यांचे माप नखाचेच राहिले. त्यांच्या ओळी आखूड भरल्या. चौकोनांचे कोपरे एकमेकांना भेटेनात. उसवावे, तर विरलेले कापड टाक्यासकट फाटायचे. शिवाय अधू डोळ्यांनी घातलेले ते टाके उसवा, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

मी त्यांच्या शिवणीवर पट्टी ठेवली. पाव इंच आणि वर अर्धा सूत; पण पहिल्या सांध्यापासून शेवटच्या सांध्यापर्यंत अगदी तेवढीच!

मग वाट सोपी होती. आखूड कापड सैल सोडता येत नाही, सैल मात्र आत घेता येते. माझा एकही टाका न उसवता मी जुन्या शिवणीच्या आत अर्ध्या सुतावर दुसरी शिवण घातली. सांध्यांच्या कडा एका ओळीत उजवीकडे, दुसरीत डावीकडे दुमडल्या. कोपऱ्यात कोपरा बसला.

सासूबाईंनी सांध्यांवरून बोट फिरवले आणि समाधानाने म्हणाल्या, "शिकलीस हो अखेर!"

मी मान डोलावली.