मागचे बटण

नोकरीच्या निमित्ताने आम्ही वांकिडीस येऊन राहिलो, तेव्हा आमच्या गोव्याकडील आप्तांना हे गाव नकाशात कोठे शोधावे हेच कळेना. राजुऱ्याकडून आसिफाबादेस जाणाऱ्या रस्त्यावर, महाराष्ट्राची सीमा ओलांडल्यावर हे गाव लागते. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. पुढे तो आदिलाबाद जिल्ह्यात म्हणून ओळखला गेला आणि २०१६ साली जिल्ह्यांची फेररचना झाल्यापासून कुमुरम भीम आसिफाबाद या नव्या जिल्ह्यात मोडतो. येथल्या बाजारात तेलुगू, मराठी आणि गोंडी अशा तीन भाषा एकाच वेळी कानी पडतात. आमच्या मातोश्री आमच्याकडे राहावयास आल्या आणि त्यांच्या कोंकणीने ही संख्या चारावर नेली.

महाशिवरात्रीच्या दिवशी त्यांना गावातील शिवालयात नेण्याचे ठरले. त्याच सुमारास आमच्या पुण्याच्या भाच्याने आपला जुना डिजिटल कॅमेरा आम्हांस भेट दिला होता. देवदर्शनाचे चार फोटो काढून गोव्यास धाडावेत, म्हणजे घरच्या मंडळींना आमची ख्यालीखुशाली कळेल, असा आमचा बेत. त्या दिवशी साठ-सत्तर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागील चिमुकल्या पडद्यावर ते सारे नेटके दिसले. म्हणून निवडक आठ-दहा फोटो आसिफाबादेस जाऊन मोठ्या आकारात छापून आणले. पाहतो तो काय, मातोश्रींच्या हातातील निरांजन म्हणजे एक पिवळा डाग, आणि त्यांचा चेहरा धुक्यात विरल्यासारखा!

आम्ही ओशाळून ते फोटो मातोश्रींपुढे ठेवले. त्यांनी एक फोटो हाती घेतला, डोळ्यांजवळ नेला, दूर धरला आणि समाधानाने म्हणाल्या, “बरो आयला रे.” मुलाचे मन राखण्यासाठी आई असे बोलणारच, असे समजून आम्ही ते तेथेच सोडून दिले आणि कॅमेऱ्याच्या मागे लागलो.

पहिला संशय हातावर गेला. हात हलला असावा म्हणून कॅमेरा पाटावर ठेवून फोटो काढला, तोही धूसर. दुसरा संशय उजेडावर. कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस प्रकाशातील भेदावर चालतो. भिंगाच्या दोन बाजूंनी आलेली प्रतिमा तो ताडून पाहतो, त्या जुळत नसतील तर कोणत्या दिशेस व किती सरकावयाचे हे ठरवितो आणि त्याप्रमाणे भिंग फिरवितो. धुपाच्या धुरात, अंधुक गाभाऱ्यात किंवा कोऱ्या भिंतीवर त्यास ताडून पाहण्याजोगे काही सापडत नाही, आणि मग ते भिंग पुढे-मागे चाचपडत राहते. परंतु अंगणात, भर उन्हात काढलेले फोटोही तसेच आले. भिंगावरील कळ चुकून हाताने फिरविण्याच्या बाजूस तर गेली नाही ना, तेही पाहिले. कळ जेथे असावयास हवी तेथेच होती.

तिसऱ्या सायंकाळी सगळे फोटो पुन्हा ओळीने मांडले, तेव्हा आधी न दिसलेली एक गोष्ट दिसली. प्रत्येक फोटोत काही ना काही स्वच्छ उमटले होते, आणि ते सदैव दूरचेच होते. मातोश्री धूसर, परंतु त्यांच्या मागील पिंपळाचे पान न् पान वेगळे. म्हणजे भिंग सदोष नव्हते. ते एकाच अंतरावर खिळून राहिले होते. बटण अर्धे दाबल्यावर कॅमेऱ्याने जो बारीक आवाज करावा, खिडकीत जो हिरवा ठिपका स्थिर व्हावा, तो होतच नव्हता. आम्ही बटण दाबत होतो, फोटो निघत होता. पाहण्याची क्रिया मात्र घडतच नव्हती.

भाच्यास दूरध्वनी केला. तो हसून म्हणाला, “मामा, मागचे बटण दाबलेत का?”

उलगडा असा झाला. सामान्यतः फोटोच्या बटणासच दोन कामे दिलेली असतात. अर्धे दाबले की फोकस, पूर्ण दाबले की फोटो. आमच्या भाच्यास पक्ष्यांचे फोटो काढण्याचा नाद. त्याने सेटिंगमध्ये ही कामे वेगळी केली होती. फोकस मागील बाजूस, अंगठ्याखालच्या बटणावर. पुढील बटण केवळ फोटो टिपण्यापुरते. उडत्या पक्ष्यासाठी अंगठा दाबून धरला की भिंग त्याचा पाठलाग करते. अंगठा उचलला की जेथे असेल तेथे थांबते. ही सोय काही नवी नव्हे. स्वयंचलित फोकसचा पहिला कॅमेरा कोनिकाने १९७७ साली बाजारात आणला, आणि कॅननच्या एका कॅमेऱ्यात १९८९ सालीच हे काम मागच्या बटणाकडे देता येत असे. परंतु ज्यास हे ठाऊक नाही, त्याच्या हाती असा कॅमेरा पडला की आमच्यासारखी गत होते. भाच्याचा शेवटचा पक्षी दूरच्या झाडावर बसला असावा. आमचे भिंग तेव्हापासून तेथेच बसून होते.

सेटिंग पूर्ववत करण्यास दोन मिनिटे पुरली असती. त्याआधी एकदा अंगठा वापरून पाहावा म्हणून आम्ही मातोश्रींचा फोटो काढला आणि तो संगणकाच्या मोठ्या पडद्यावर जुन्या फोटोशेजारी ठेवला. एक धूसर, एक लख्ख. कौतुकाने त्यांना विचारले, “आई, यांतला चांगला कोणता?” त्यांनी दोन्हींकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “दोनूय सारके.”

आम्ही चरकलो. वात लावताना त्यांचे चाचपडणे, कुंकू किंचित बाजूस लागणे, तांदूळ निवडण्याचे काम हळूहळू सुनेकडे जाणे, हे सारे आम्ही वयाच्या खाती मांडून मोकळे झालो होतो. तीन सायंकाळी आम्ही एका यंत्राचा डोळा तपासला. शेजारी बसलेल्या आईच्या डोळ्यांकडे मात्र पाहिले नव्हते. तो धूसर फोटो त्यांनी आमचे मन राखण्यासाठी वाखाणला नव्हता. त्यांना सारे जगच तसे दिसत होते.

चंद्रपुरास नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रिया लांबवू नये असा सल्ला मिळाला. डॉक्टरांनी समजावून सांगितले की, डोळ्यातील मूळ भिंग तरुणपणी आपला आकार बदलून जवळचे-दूरचे जुळवून घेते. जे कृत्रिम भिंग बसवावयाचे, ते एकाच अंतरावर स्थिर असते, म्हणून जवळचे पाहण्यास चष्मा लागेल. आम्हांस हे समजण्यास विशेष वेळ लागला नाही.

दोन्ही शस्त्रक्रिया पार पडून चष्मा आला, त्या दिवशी मातोश्रींनी आपण होऊन फोटोंचा लिफाफा मागितला. महाशिवरात्रीचा तोच फोटो हाती धरून त्या क्षणभर थांबल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “हातूंत हांव खंय आसां रे?”

श्रावणातल्या एका सोमवारी आम्ही पुन्हा त्याच शिवालयात गेलो. मागच्या बटणाचे सेटिंग आम्ही तसेच राहू दिले आहे. अंगठा दाबावा, ठिपका स्थिर होऊ द्यावा, आपण ज्याकडे पाहतो आहोत ते खरोखर दिसते आहे याची खात्री करावी, आणि मगच तर्जनीस हलवावे, ही सवय आता आम्हांस जडली आहे. मात्र दुसऱ्या कोणाच्या हाती कॅमेरा देताना “आधी मागचे बटण” असे सांगावयास आम्ही विसरत नाही.

त्या दिवशीचा फोटो उत्तम आला. मातोश्रींनी तो चष्मा लावून निरखला आणि थोड्या खट्टू झाल्या. “केंस कितले धवे जाल्यात रे!”