गरम चश्मा, थंड झरा

माझ्या दादीचे बालपण भिवंडीत गेले. तिथून वज्रेश्वरी जवळ. तानसा नदीच्या काठी अकलोलीला गरम पाण्याची कुंडे आहेत. लहानपणी ती तिथे पुष्कळदा गेली होती. त्यामुळे गुडघे दुखू लागले, की तिला डॉक्टरांच्या आधी ती कुंडे आठवतात. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चाचांकडे नसरापूरला गेलो. तिथल्या बनेश्वरच्या वनउद्यानातही पाण्याची कुंडे आहेत, एवढे तिच्या कानावर आले आणि काठी टेकत तीही आमच्याबरोबर निघाली.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चेलाडी फाट्यावर उजवीकडे वळले, की नसरापूर येते. बन म्हणजे झाडी. गावाजवळच शिवगंगा नदीच्या काठी अशी दाट झाडी आहे, की दुपारीही अंगाला गारवा जाणवतो.

फाटकाजवळ एक बाई पेरू विकत होत्या. दादीने त्यांना विचारले, "बेटी, गरम चश्मा कुठे आहे?"

बाई गोंधळल्या. "आजी, चष्म्याचं दुकान इथं कुठलं? पुण्याला जावं लागंल."

चाचांना हसू आवरेना. उर्दूत चश्मा म्हणजे झराही आणि डोळ्यांवरचा चष्माही. मराठीने त्यातला एकच अर्थ उचलला! चाचांनी 'झरा' म्हणताच बाई म्हणाल्या, "झरा होय! आहे की. पण पाणी गार हाय."

दादीचा चेहरा उतरला. तरी ती आत आली. देवळातील घंटेवर 1683 साल कोरलेले आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा ही घंटा तिकडून आली, असे सांगतात. "म्हणजे ही आमच्याच बाजूची!" दादी म्हणाली. तेवढ्यावर तिची कळी खुलली.

कुंडातले पाणी नितळ होते. त्यात मासे फिरत होते. "तिथले पाणी गरम आणि इथले थंड का?" मी विचारले. चाचा भूगोल शिकवतात. त्यांना एवढे निमित्त पुरे झाले.

"पाणी दोन्हीकडे पावसाचेच," ते म्हणाले. "कोकणात खडकाला खोल भेगा आहेत. त्यांतून पाणी फार खाली जाते. जमिनीत एक किलोमीटर खोल गेले, की उष्णता साधारण 25 ते 30 अंशांनी वाढते. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते. त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही. इथले पाणी मात्र खोल जातच नाही. झाडांच्या मुळांशी, मुरमात थोडे थांबते आणि झऱ्यातून बाहेर पडते."

"आणि झाडे गेली तर?"

"पाऊस वरच्यावर वाहून जाईल. झऱ्याला वर्षभर पाणी कोण पुरवणार?"

दादी कुंडाच्या काठावर बसून ऐकत होती. वाऱ्याने एक प्लॅस्टिकची पिशवी पाण्याकडे घरंगळत आली. तिने ती काठीने अडवली आणि मला उचलायला लावली. नंतर आमच्या खाऊचे कागदही तिने मोजून परत घेतले.

रात्री चाचीने घमेल्यात ऊन पाणी आणून दिले. "हे 'ऊन' म्हणजे गरमच ना?" दादीने विचारले. चाचा म्हणाले, "हो. कोकणातल्या उन्हेरे आणि उन्हवरे या गावांच्या नावांतही तेच ऊन आहे. तिथेही गरम झरे आहेत."

दादीने पाय पाण्यात सोडले. मग हळूच विचारले, "इथून कोणते जवळ पडेल?"