रापणीचा वाटा

चिंचपोकळीच्या आम्हा लोकांना कोकणात जायला कारण लागतं. गणपती, शिमगा, मे महिना, नाहीतर ग्रामदेवतेची जत्रा. गेल्या डिसेंबरात मात्र मी आणि आई कुठलंच कारण नसताना निघालो, नुसती सुट्टी म्हणून. आमचं गाव कुडाळच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. तिथून समुद्र दिसत नाही. मालवण, तारकर्ली, देवबाग ही नावं मी ऑफिसातल्या पुण्या-नागपूरच्या मैत्रिणींकडूनच जास्त ऐकत आले. सिंधुदुर्ग 1997 साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि त्याच जिल्ह्यातल्या आम्ही मायलेकी तिथे पर्यटक म्हणून पहिल्यांदाच चाललो होतो.

चिंचपोकळीहून धीमी लोकल पकडून दादरला आलो आणि मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या तुतारी एक्सप्रेसमध्ये चढलो. डब्यात अर्धी माणसं गावाला जाणारी, अर्धी समुद्रावर जाणारी. गावाला जाणाऱ्यांकडे गोण्या आणि पिशव्या होत्या, समुद्रावर जाणाऱ्यांच्या मुलांनी रात्रीच गॉगल घातले होते. वाटेत उजाडलं. दोन बोगद्यांमधल्या उजेडात धुकं, भाताची कापलेली खाचरं आणि लाल माती दिसत राहिली. आई खिडकीपासून हलली नाही.

कुडाळला उतरल्यावर आईनं आधी वेंगुर्ल्याला जायचं ठरवलं होतं. लग्न होऊन 1968 साली ती पहिल्यांदा मुंबईला आली ती वेंगुर्ल्याच्या बंदरातूनच. मोठी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसांना पडावात बसवून तिच्यापर्यंत नेत. पडाव लाटेवर वर आला की खलाशी बाईमाणसाला दंडाला धरून बोटीत ओढून घ्यायचे. पुढे मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी करत बोट भाऊच्या धक्क्याला लागे. बंदरावर उभं राहून आईनं मला पडाव कुठून सुटायचा ते बोटानं दाखवलं. गावात सतराव्या शतकातल्या डच वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत, त्याही पाहिल्या. पण आईला वखारीत रस नव्हता. "बोटीत आम्ही डेकवर चटई टाकून झोपायचो, आणि मी सगळी रात्र ओकत होते," एवढं सांगून ती एसटीकडे चालू लागली.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला होडी लागते. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याजवळ पूजा करून कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. बांधकाम हिरोजी इंदुलकरांनी पाहिलं. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. आत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाता-पायाचे ठसे जपलेले आहेत आणि राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींना चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोडं पाणी आहे. आईनं दूधबावीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. आमच्या मागे कोल्हापूरहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यातल्या आजोबांनी पादत्राणं किल्ल्याच्या दारातच काढली होती आणि भर उन्हात तापलेल्या दगडांवरून ते तसेच अनवाणी हिंडत होते. त्यांना पाहून आम्हीही चपला हातात घेतल्या.

राहायला देवबागेत एक घर मिळालं. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरं, रस्ता. समुद्र इथली जमीन दरवर्षी खातो, म्हणून किनाऱ्यालगत दगडांचे बंधारे घातलेले आहेत. ज्या घरात उतरलो ते गाबित मच्छीमारांचं. पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना, मागे घरची माणसं, परड्यात जाळी वाळत घातलेली. घरधनीणबाईंनी विचारलं, "तुमी मुंबयत खंय रवतास?" चिंचपोकळी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे चिंतामणी गणपती! माझो दीर थयसरच, काळाचौकीक रवता." सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ, दुपारी सुरमई, भात आणि सोलकढी असं पोटभर मिळत होतं.

देवबागच्या संगमावर दुपारी जत्रा भरते. जेटस्की, बनाना राइड, पॅरासेलिंग. खाडीत वर आलेल्या वाळूच्या पट्ट्याला लोक त्सुनामी आयलंड म्हणतात, तिथे चहा-भजीसुद्धा मिळतात. मी स्नॉर्केलिंग केलं. किल्ल्याजवळच्या खडकांत पाण्याखाली पिवळे-काळे पट्टे असलेले मासे माझ्या बोटांजवळून गेले तेव्हा मला कशाचीच आठवण राहिली नाही. पण या प्रवासातलं खरं सांगण्यासारखं आहे ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचं.

घरधनीणबाईंच्या मुलानं रात्रीच सांगून ठेवलं होतं की सकाळी रापण लागणार आहे. आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा होडी सुटलेली होती. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात होता. होडी जाळं सोडत सोडत समुद्रात मोठा अर्धगोल घेऊन गेली आणि दुसरा दोर घेऊन बऱ्याच अंतरावर परत किनाऱ्याला लागली. मग दोन्ही दोरांवर पन्नासेक माणसं उभी राहिली, म्हातारे, पोरगे, बायका. कमरेतून मागे रेलायचं, पावलं वाळूत रोवायची, ओढायचं. शेवटचा माणूस दोर सोडून पुढे पाण्यापाशी जातो आणि तिथून पुन्हा ओढू लागतो. जाळं जवळ येईल तशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत जातात. वर कुरव घिरट्या घालू लागले की आत मासा आहे हे समजतं.

पर्यटक आधी मोबाइल घेऊन उभे होते. एका म्हाताऱ्या रापणकरानं नुसती मान हलवून बोलावलं तसे तेही दोराला लागले. मीही लागले आणि माझ्या पुढे आई. "आये, सरा, दोर लागात हाताक," कुणीतरी म्हणालं. ती सरली नाही. तळहात सोलवटून निघाले. दोराला समुद्राचं ओझं असतं, ते माणसाच्या खांद्यापर्यंत पोचतं आणि शेजारच्याच्या श्वासाबरोबर आपला श्वास आपोआप बसतो. तासाभराने जाळ्याचं पोट वाळूवर आलं. बांगडे, थोडे सौंदाळे, पेडवे, एखादं म्हाकूल. सगळी वाळू तडफडू लागली.

अशी रापण फक्त कोकणातच होती असं नाही. स्पेनच्या दक्षिणेला मालागाच्या आसपास कोस्ता देल सोल नावाचा किनारा आहे. उन्हासाठी सगळा युरोप तिथे धावतो. तिथले कोळीही असंच जाळं किनाऱ्यावरून ओढायचे. त्या मासेमारीला कोपो म्हणत आणि तिच्या होडीला जाबेगा, जिच्या नाळेवर डोळे रंगवलेले असत. तोर्रेमोलिनोस हे 1950 च्या दशकापर्यंत कोळ्यांचं गाव होतं. 1959 साली पेस एस्पादा हे मोठं हॉटेल तिथे उघडलं आणि नंतर हॉटेलांची रांगच उभी राहिली. आज जाबेगा वल्हवण्याच्या शर्यतींत दिसतात. किनाऱ्यावर जुन्या होड्यांत वाळू भरून, तिच्यावर विस्तव करून काठीला टोचलेल्या तारल्या भाजून देतात. ते खाणं उत्तम असणार यात मला शंका नाही. पण होडीनं चूल व्हावं हे मला पटत नाही.

न पटण्याचं कारण माझ्या घराच्या खिडकीतून दिसतं. माझे वडील कापड गिरणीच्या साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि आमच्या वस्तीचं काम गेलं ते परत आलं नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले, काही चिमण्या शोभेला ठेवल्या. आमच्याकडे बाहेरून माणसं गणपती बघायला येतात, मसाला घ्यायला येतात, आणि ती यावीत. पण पाळीवर जाणाऱ्या माणसांनी भरलेला रस्ता माझ्या भाच्यांनी पाहिलेला नाही.

देवबागेत दोर अजून माणसांच्या हातात आहे. तो हातात राहावा म्हणून इथल्या पारंपरिक मच्छीमारांनी यांत्रिक बोटींच्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशानं सरकारनं पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी भांडण संपलेलं नाही. "सगळेच मोठी जाळी मारूक लागले तर आमच्या रापणीक काय रवतला?" तो म्हातारा रापणकर मासे निवडता निवडता म्हणाला. घरधनीणबाईंचा मुलगा दोन्ही कामं करतो. पहाटे रापण, नऊनंतर पर्यटकांना पाण्याखाली नेणं. जून-जुलैत मासेमारी बंद आणि पावसाळाभर समुद्रातलं पर्यटनही बंद, तेव्हा जाळी दुरुस्त करणं. पाहुण्यांच्या पैशावर घराचं छप्पर झालं, हे त्यानं मोकळेपणानं सांगितलं. पण रापण सोडणार का, असं मी विचारलं तेव्हा त्याला प्रश्नच कळला नाही.

वाळूवर वाटे पडले. जाळ्याचा, होडीचा, मग माणसांचे. आम्ही निघालो तर त्या म्हाताऱ्यानं हाक मारली. "दोर वडलास, वाटो घेवक व्हयो." केळीच्या पानात मोजके बांगडे त्यानं आईच्या हातावर ठेवले. चिंचपोकळीहून आलेल्या इतक्या वर्षांच्या चाकरमानी बाईला कोकणच्या समुद्रात हा पहिला वाटा मिळाला होता, आणि ती तो दुसऱ्या कुणाला रांधू देणार नव्हती. घरी येताच तिनं पदर खोचला, पिशवीतून लालबागच्या मिरची गल्लीत कुटून आणलेल्या मसाल्याची पुडी काढली आणि बांगड्याचं तिखलं चुलीवर चढवलं.

घरधनीणबाईंनी वाटीत बोट बुडवून चव घेतली. "मसालो बरो आसा. त्रिफळां कमी पडली." आईला हे अजिबात मान्य नव्हतं. बांगड्याला त्रिफळं किती, सोलं किती, खोबरं भाजायचं की कच्चं, यावर दोघींचं बराच वेळ चाललं. तेवढ्यात मुलगा डायव्हिंगची एक खेप संपवून ओल्या अंगानं आला, उभ्याउभ्याच दोन बांगडे आणि भात जेवला, दोघींपैकी कुणाचंच मत न विचारता तिखलं आणखी वाढून घेतलं आणि पुढच्या खेपेला पळाला. होडीवर कोल्हापूरची मंडळी त्याची वाट बघत होती.